ओटीतल्या बाळाचा फोटो

सुमनने बाळाच्या हनुवटीखाली कुंचीचा बंद बांधला, घट्ट वाटला म्हणून सोडला, पुन्हा बांधला, आणि तेवढ्यात बाळाने असा काही सूर लावला की शेजारच्या क्वार्टरच्या पायरीवर झोपलेलं कुत्रंही उठून बसलं.

"झालं, झालं हं. राजा ना तू माझा? आज आपला फोटो काढायचाय."

राजाला फोटोचं काही कौतुक नव्हतं. त्याने पाय झाडले आणि नवं मलमलीचं अंगडं गळ्यापर्यंत वर गेलं. स्वयंपाकघराच्या दारात हौसा उभी होती. बोंडलं घासता घासता ती तशीच उठून आली होती, हाताला राख होती. उंबरठ्याच्या अलीकडे मात्र ती आली नाही. सुमनने बोलावल्याशिवाय ती हल्ली पुढे येत नसे, आणि सुमन बोलावत नसे.

"आक्का, बंद कानामागनं घ्या," ती हळूच म्हणाली. "हनुवटीला लागलं की त्यो बिथरतो."

"कळतं गं मला."

शब्द तोंडातून गेला आणि सुमनला वाईट वाटलं. मग तिने बंद कानामागून घेतला. बाळ गप्प झालं. त्यानं तर तिला आणखीच वाईट वाटलं.

बाळ हौसाचं होतं. म्हणजे सव्वा महिना हौसाचं होतं आणि ओटीत घातल्यापासून सुमनचं. हौसा ही तिची धाकटी जाऊ, चाकणजवळच्या वाडीत राहणारी, तीन लेकरांची आई. सुमनचा नवरा ज्योतीराम पिंपरीच्या नव्या औषधांच्या कारखान्यात बॉयलरवर लागला, दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं, नळ आला, वीज आली. लग्नाला बारा वर्षं झाली तरी मूल तेवढं आलं नव्हतं.

उन्हाळ्यात वाडीला सगळ्याजणी कांदे निवडायला बसल्या होत्या. हौसाला पोट पुढं घेऊन धड बसवत नव्हतं. कंबरेवर हात ठेवून ती हसत म्हणाली होती, "आक्का, ह्यो येनारा तुमीच घ्या बाई. माझी कंबर मोडली." बायका खो खो हसल्या. सुमनही हसली. पण सासूबाई, कौशल्याबाई, हसल्या नाहीत. त्यांनी हातातला कांदा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "दोन जिवाची बाई बोलली तर त्यो शबूद देवाच्या दारात जातो. त्यो माघारी येत न्हाई." त्याच संध्याकाळी त्यांनी देवापुढे नारळ फोडून हौसाला शब्द पुन्हा उच्चारायला लावला. हौसाचं हसू तोवर कुठल्या कुठं पळालं होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, तर भैरू आईपुढे मान वर करणारा नव्हेच. मग तिने सुमनकडे पाहिलं.

ती मस्करी होती. सुमनला तेव्हाच ठाऊक होतं. 'अहो आत्या, गंमत केली तिनं,' एवढंच म्हणायचं होतं. सुमन मूग गिळून बसली.

आता बाळ बोंडल्याने गाईचं दूध प्यायला शिकेपर्यंत हौसा पिंपरीत राहिली होती. उद्या ती वाडीला परत जायची होती. आणि सुमनला फोटो आजच हवा होता. कशासाठी, ते तिने नवऱ्याला नीट सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. भिंतीवर एकदा फोटो लागला की येणाराजाणारा पोर कुणाचं म्हणून विचारणार नाही. उद्या पोरगं मोठं होईल, बोट करील, तेव्हा दाखवायला काहीतरी असेल.

रहिमान फोटोवाला सायकल हाताने ढकलत आला. मागे कॅमेऱ्याची पेटी सुतळीने बांधलेली, तो ठेवायचं तीन पायांचं तिकाटणं सायकलच्या नळीला आडवं. बाजारातलं दुकान सोडून तो सहसा कुठे जात नसे. पण एवढंसं मूल बाजारात नेलं तर कुणाची नजर लागायची, म्हणून सुमनने त्याला घरीच बोलावलं होतं. त्याने आठवड्यापूर्वीच सगळं बजावून ठेवलं होतं. कपडे ढगळ ठेवा, झोप पुरी होऊ द्या, पोट भरलेलं पाहिजे.

"घाबरलेलं बच्चं फोटोत म्हाताऱ्यावाणी दिसतं, बाईसाहेब. रमलेलं पाहिजे. मला घाई नाही, तुम्हीही करू नका."

सुमनने सगळं ऐकलं होतं. फक्त पोटाचं सोडून. काल तिने हौसाला सांगितलं होतं, "उद्या सकाळपासून त्याला अंगावर घेऊ नकोस. सवय मोडायला हवी." हौसाने मान हलवली होती. सकाळी बाळाने बोंडलं अर्धं प्यायलं आणि अर्धं गळ्यावरून ओघळू दिलं.

रहिमानने ओट्यावर उजेड पाहिला, खुर्ची इकडे सरकव, तिकडे सरकव केलं. मागची भिंत नव्या चुन्याची, पांढरीफटक. "असं नाही जमायचं," तो म्हणाला. "कुंची पांढरी, भिंत पांढरी. काहीतरी गडद लावा मागं." सुमनने ट्रंकेतून निळी सोलापुरी चादर काढली. एक टोक खिडकीच्या गजाला बांधून झालं. दुसरं बांधायला काही नव्हतं. ते कुणीतरी धरून उभं राहायला हवं होतं.

ज्योतीराम कोट घालून बाहेर आला. तो कोट त्याला लग्नापासून तंग होता.

"हौसालाही बसू दे की शेजारी," तो म्हणाला. "उद्या ती जायची."

"मग चादर कोण धरणार?" सुमन म्हणाली.

झालं, तिथंच घोडं अडलं. पलीकडच्या क्वार्टरमधल्या सोपानरावांना नुसती हाक मारली असती तरी ते हातातला चहा ठेवून आले असते. हे सुमनलाही माहीत होतं आणि ज्योतीरामलाही. पण बायकोच्या तोंडाला लागणारा तो गडी नव्हे. त्याने डोक्यावरची टोपी सारखी केली.

"मी धरते की," हौसा म्हणाली. "माझं काय हाय फोटोत?"

तिने हात धुतले, पदर खोचला आणि चादरीचं टोक धरून मागे गेली. तिचे पाय तेवढे खालून दिसत होते. रहिमानने चादर आणखी खाली घ्यायला लावली, मग तेही दिसेनासे झाले.

सुमन खुर्चीत बसली. मांडीवर बाळ, बाजूला ज्योतीराम ताठ उभा. रहिमानने डोक्यावर काळं कापड घेतलं आणि बाळाने टाहो फोडला.

कापड काढलं, बाळाला हलवलं, थोपटलं. रहिमानने किल्ल्यांचा जुडगा वाजवला. ज्योतीरामने बॉयलरच्या शिट्टीसारखी शिट्टी वाजवली, तर पोर आणखीच भेदरलं. सुमनने त्याला खांद्यावर घेतलं, मांडीवर घेतलं, उभं धरलं. तिच्या कपाळावरचं कुंकू घामाने पसरलं. आपण ह्याला नको आहोत, हे आता ओट्यावर, दिवसाउजेडी, परक्या माणसादेखत सिद्ध होतंय असं तिला वाटलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

तेवढ्यात चादरीमागून जीभ टाळूला लावून काढलेला आवाज आला. टक्, टक्, टक्. फार मोठा नव्हे.

बाळ रडता रडता थबकलं. त्याने मान वळवायचा प्रयत्न केला. डोळे चादरीकडे फिरले.

"कोण ते?" रहिमान म्हणाला. "बाई, मागून नको. बच्चा मागं बघतोय, मला पुढं पाहिजे. इथं या, माझ्या बाजूला."

मग शेवटी सोपानरावांना हाक मारलीच. ते हातातला चहा ठेवून आले आणि चादर धरून उभे राहिले. कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

हौसा कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला येऊन उभी राहिली.

"तुम्ही दाई का?" रहिमानने काच बसवता बसवता सहज विचारलं.

ज्योतीराम खाकरला. सुमनने तोंड उघडलं, पण तिच्या तोंडून काही निघालं नाही. पुन्हा एकदा नाही निघालं.

"व्हय," हौसा म्हणाली. "दाईच म्हना."

आणि तिने टक्, टक् केलं. बाळाची भुवई वर गेली. त्याचं सगळं अंग सैल पडलं, मुठी उघडल्या, आणि ओठांच्या कडेला हसू आलं. सुमनच्या मांडीला ते सैलपण कळलं. इतका वेळ ती जे ओझं धरून बसली होती ते एकदम हलकं झालं. तिने वर पाहिलं. हौसा हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते ती पुसत नव्हती, कारण हलू नका असं रहिमानने सगळ्यांना बजावलं होतं. तिला वाटलं असेल, ते आपल्यालाही लागू आहे.

"बाईसाहेब, काचेत बघा. काचेत."

सुमनला काचेत बघता आलं नाही.

फोटो झकास आला. रहिमानने तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवून दिला आणि एक प्रत दुकानात लावायची परवानगी मागितली. कॉलनीतल्या बायका येऊन बघून गेल्या. "डोळे बघा गं कसे," सोपानरावांची बायको म्हणाली. "आईच्या मांडीवर पोर कसं निवांत आहे." सुमन हसून चहा टाकायला आत गेली. फोटोत तिची नजर खाली, कुठेतरी पायांजवळ होती. बाळाची मात्र सरळ, स्वच्छ, कॅमेऱ्याच्या थोडी डावीकडे. भिंतीवरच्या त्या फोटोसमोरून जाताना सुमन दुसरीकडे बघू लागली. खाई त्याला खवखवे, आणि खवखव काही चहाने जात नाही.

चैत्रातल्या यात्रेला दोघं बाळाला घेऊन वाडीला गेले. भोसरीपर्यंत टांगा, पुढे एसटी. सुमनने दुसरी प्रत कागदात गुंडाळून नेली होती. नेऊ की नको, असा विचार करण्यात तिची आदली अख्खी दुपार गेली होती. कौशल्याबाईंनी फोटो लांब धरून पाहिला, "ब्येस" म्हणाल्या आणि धाकट्या सुनेपुढे धरला. हौसा चुलीपुढून उठली. तिची लेकरं तिच्या खांद्यावरून वाकून बघू लागली.

"ह्यो बाळ," तिची मुलगी गोदी म्हणाली. "ही आक्का. ह्यो दादा. आई, तू कुठं हायेस?"

"मी व्हते की."

"दिसत न्हाईस."

हौसाने फोटो जमिनीवर ठेवला. पुठ्ठ्याच्या कडेपासून वीतभर लांब, सारवलेल्या जमिनीवर बोट टेकवलं.

"मी हितं व्हते," ती म्हणाली. "त्यो माझ्याकडंच बघतोय न्हवं का."

गोदीने फोटोतल्या बाळाच्या डोळ्यांपासून त्या बोटापर्यंत आपलं बोट ओढून पाहिलं. "व्हय की," ती म्हणाली, आणि तिचं समाधान झालं. लेकरं बाहेर पळाली. सासूबाईही नैवेद्याचं ताट घेऊन देवळाकडे गेल्या.

सुमन बाळाला घेऊन तिथेच उभी होती. मागच्या उन्हाळ्यात कांद्याच्या ढिगापाशी न बोललेलं वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं.

"हौसा, त्या दिवशी तू..."

"चूल इझंल, आक्का," हौसा म्हणाली आणि लाकूड पुढे सारलं.

"घे त्याला," सुमन म्हणाली. "घे ना जरा."

हौसाने पदराला हात पुसले, बराच वेळ पुसले, आणि बाळाला घेतलं. त्याचं अंग आता भरलं होतं, दात येऊ घातले होते. तिने त्याला तोंडासमोर धरलं आणि जीभ टाळूला लावली. टक्, टक्.

बाळाने तिच्याकडे निरखून पाहिलं. यात्रेत भेटलेल्या कुणाही बाईकडे पाहावं तसं. मग त्याचा खालचा ओठ बाहेर आला, आणि दोन्ही हात सुमनकडे पसरून ते मोठ्याने रडू लागलं.

"भूक लागली असेल," सुमन घाईघाईने म्हणाली. "आत घेऊन जा. पाज त्याला. आम्ही राहतो आज. उद्याही राहू, मी सांगते ह्यांना."

हौसा तिच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"आता कुठलं, आक्का? पौषातच आटलं की."

तिने बाळ परत दिलं. सुमनच्या खांद्यावर येताच ते गप्प झालं, तिच्या मानेत नाक खुपसून हुंदके देत राहिलं. एका मुठीत त्याने तिचं मंगळसूत्र धरलं. बारा वर्षं ती ह्याचसाठी देव पाण्यात घालून बसली होती.

"बघा," हौसा म्हणाली, "झाला न्हवं तुमचा."

सुमनला वाटलं, ह्याला आत्ताच्या आत्ता हिच्या पुढ्यात ठेवावं आणि निघून जावं. पण बाळाने तिची मान सोडली नाही, आणि खरं सांगायचं तर तिनेही हात सैल केले नाहीत.