वाटणीचं गवत

माझं आणि माझ्या धाकट्या जावेचं विळ्या-भोपळ्याचं सख्य आहे. ती वरच्या मजल्यावर राहते, मी खालच्या. मधल्या जिन्यावर समोरासमोर आलो तर एकीने भिंतीकडे बघायचं आणि दुसरीने पायऱ्यांकडे, असा अलिखित करार आहे. आमचे दोघींचे नवरे सख्खे भाऊ. ते या प्रकरणात मूग गिळून बसतात, आणि तेच बरं.

भांडणाचं मूळ म्हणजे म्हातारा. म्हातारा हा करड्या रंगाचा, एक कान पडलेला ससा. तो आधी तिचा होता, असं ती म्हणते. आई आजारी म्हणून ती माहेरी गेली तेव्हा पिंजरा माझ्याकडे ठेवून गेली. आईचं दुखणं लांबलं. ती परत आली तोवर ससा माझ्या पलंगाखाली झोपायला लागला होता, माझ्या पायरवाने उठायला लागला होता. मी सरळ सांगितलं, "तो आता इथे रुळलाय, त्याला पुन्हा हलवायला नको." यात माझं काय चुकलं? तिने महिन्याभरात दुसरा पांढरा ससा आणला आणि माझ्याशी बोलणं टाकलं.

बोलणं टाकलं तरी गवत टाकता येत नाही. सशाला दिवसभर वाळलेलं गवत लागतं, ते नसलं की त्याचं पोट बंद पडतं. दुकानात गवताची पाकिटं मिळतात. वर गोंडस सशाचं चित्र, आत मूठभर काड्या आणि तळाशी धूळ. त्या भावात माणसाचं जेवण येईल. घोड्यांच्या तबेल्यात मात्र चांगलं गवत स्वस्तात मिळतं. फक्त तबेलेवाला अख्खी गासडी देतो, सुटं देत नाही. मी एकदा अर्धी मागितली तर म्हणाला, "बाई, घोडा अर्धा आणा, गवत अर्धं देतो." मेला!

अख्खी गासडी एका सशाला संपता संपत नाही, तोवर तिला कुबट वास यायला लागतो. म्हणजे अडला हरी! गासडी दोघींत घ्यायची. पारख माझी. मी दोऱ्यांच्या मधून पार आत हात घालते. आत गरम किंवा ओलसर लागलं तर परत. मूठभर ओढून झटकते, धूळ उडाली तर परत. तबेलेवाला मला बघितलं की कपाळावर हात मारतो. वाटणी तिची. आमच्या सासूबाईंचा नियम होता, वाटील तिने मागून उचलायचं. सासूबाई गेल्या, नियम राहिला. ती गच्चीवर जुनी चादर पसरून दोन ढीग करते आणि मी वर जाऊन आधी निवडते.

आता तिची लबाडी ऐका. दोन ढीग कधी सारखे नसायचेच. एक मोठा, फुललेला, लांब सोनेरी काड्यांचा, वर तुरे. दुसरा छोटा, मळकट हिरवा, चुरगळलेला. कुणीही मोठा उचलेल. पण मी तिला ओळखून आहे. ती सकाळभर दाराकडे पाठ करून ते गवत निवडत बसायची, हे मी जिन्यावरून बघितलं होतं. इतकी मेहनत कुणी उगाच करत नाही. मोठ्या ढिगाच्या पोटात काहीतरी सडकं दडवलेलं असणार! म्हणून मी दर वेळी छोटा उचलायचे, उशीच्या अभ्र्यात भरायचे आणि तिच्याकडे बघून हसायचे. तीही काही बोलायची नाही. हरली, असं मला वाटायचं.

मधे म्हाताऱ्याला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. त्या म्हणाल्या, मागचे दात झिजलेत, मऊ पानांचं गवत बघा, जाड काडी त्याला चावणार नाही. घरी आल्यावर मी जिन्यात उभी राहून, वर ऐकू जाईल अशा आवाजात नवऱ्याला सांगितलं, "काही झालेलं नाही त्याला. तबेल्याचंच गवत खातोय मजेत. डॉक्टरांना घाबरवायची सवयच असते."

मग एका गासडीला मात्र हद्द झाली. छोटा ढीग इतका छोटा की चार मुठी भरतील. यालाही काही मर्यादा आहे. दर वेळी धूर्तपणा करायचा म्हणून किती नुकसान सोसायचं? मी मोठ्या ढिगाला हात घातला.

"तो नको," ती एकदम म्हणाली. कितीतरी महिन्यांनी माझ्याशी बोलली. "जाऊबाई, हा घ्या."

"का? पितळ उघडं पडलं म्हणून?"

"म्हणते ते ऐका. हा छोटा घ्या."

"तूच घे छोटा. तुझं मनही तेवढंच आहे." आणि मी छोटा ढीग बाजूला लोटून मोठा चादरीसकट ओढून खाली आणला. काय आनंद झाला होता मला!

म्हाताऱ्याने काडी तोंडात घेतली, थोडी चघळली आणि टाकली. दुसरी घेतली, टाकली. मग भिंतीकडे तोंड करून बसला. संध्याकाळपर्यंत पिंजऱ्यात एक लेंडी नाही. डॉक्टरीणबाईंनी पिचकारीने पातळ खाणं भरवलं आणि म्हणाल्या, "पोट थांबत चाललंय. आत्तापर्यंत जे खात होता तेच द्या. स्वतःहून खाल्लं तर वाचेल."

तेच तर देत होते! त्याच तबेल्याचं गवत. मी चिडून घरी आले आणि जुना अभ्रा उलटा केला. तळाशी थोडंसं उरलं होतं. ते हातात घेतलं. सगळा पालाच होता, मऊ. मी बोटांनी पसरून पसरून बघितलं, त्यात एक जाड काडी सापडली नाही. एक कुसळ नाही. गासडीत असं गवत येत नाही. ते कुणीतरी निवडावं लागतं.

मी जिना चढले. भांडायला चढले की मागायला, ते मला आजही सांगता येणार नाही. मी दार वाजवलं. तिने उघडलं तेव्हा छोटा ढीग पिशवीत भरून समोरच्या खुंटीवर टांगलेला दिसला. त्यातलं एक पान कमी झालेलं नव्हतं. तिचा पांढरा ससा कोपऱ्यात जुन्या गासडीतल्या जाड काड्या करकर मोडत होता.

"खात नाही ना?" तिने विचारलं.

"तू निवडून ठेवत होतीस?"

"त्याचे दात माझ्याकडे होता तेव्हाच झिजायला लागले होते. तुम्हाला वाईट दिसेल तेच तुम्ही उचलता. म्हणून वाईट दिसेल असं ठेवत होते."

"सरळ सांगायला तोंड नव्हतं?"

"मी सांगितलं असतं तर घेतलं असतंत? आज सांगितलं, घेतलंत?"

मी खुंटीवरच्या पिशवीकडे हात केला.

"आणि तुमच्यासाठी नाही केलं," ती पिशवी काढत म्हणाली, "उगाच पाघळू नका."

ती माझ्या आधी जिना उतरली. माझ्या घरात, माझ्या पलंगापाशी जमिनीवर बसली आणि तळहातावर पाला धरला. बराच वेळ काही झालं नाही. मग म्हाताऱ्याचं नाक हललं. त्याने एक पान ओढलं, चावलं, गिळलं, दुसरं ओढलं. तिने दुसऱ्या हाताने त्याचा पडलेला कान उचलून सरळ केला, तो पुन्हा पडला, तिने पुन्हा उचलला. तिचे डोळे भरले होते. ते बघून मला तिची दया आली नाही, मत्सर वाटला. माझ्या हातून त्याने त्या दिवशी काहीही खाल्लं नव्हतं.

"पुढच्या वेळी मुकाट्याने छोटा उचला," उठताना ती म्हणाली.

पुढची गासडी आली. मी गच्चीवर गेले. एक मोठा ढीग, एक छोटा. मी नाक मुरडलं, "यातही लबाडी असणारच," म्हणाले, तिच्या माहेरचा उद्धार केला आणि छोटा उचलला. न भांडता उचलला असता तर आभार मानल्यासारखं झालं असतं, आणि ते मला या जन्मी जमणार नाही. तिलाही आभार नको होते. तिला जे हवं होतं ते माझ्या पलंगाखाली बसून पाला चघळत होतं, आणि ते मी तिला देणार नव्हते.