मुके बड्स आणि आक्काचा फोन

बाइंडरांच्या घरात आलेली कुठलीही वस्तू फार काळ बिननावाची राहत नसे. जाडजूड पुस्तकांच्या पाठीवर सोन्याच्या वर्खाने अक्षरं उठवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि ती सवय आता हातातून निघायला तयार नव्हती. कोरी पाठ दिसली की त्यांना बेचैन व्हायचं. टीव्हीच्या रिमोटच्या पाठीवर सोनेरी अक्षरांत ‘रिमोट’ असं होतं. थर्मामीटरच्या डबीवर ‘ताप’. लग्नाच्या फोटोच्या चौकटीवर ‘आम्ही’. पाहुणे पहिल्यांदा आले की हसायचे. घरच्यांना मात्र ती अक्षरं दिसेनाशीच झाली होती, आपल्याच घराचा वास आपल्याला येत नाही तशी.

त्यांच्या बायकोला सगळे धाकटी म्हणत. साठी उलटली, सून आणायची वेळ आली, तरी धाकटीच. कारण तिची थोरली बहीण, आक्का, अजून हयात आणि जोरात होती. धाकटी जुजबंदी करायची, म्हणजे पुस्तकाचे फर्मे, घडी घातलेल्या पानांची जुडगी, एकावर एक ठेवून दोऱ्याने शिवायची. या कामात दोन्ही हात गुंततात. मध्येच दोरा सैल सोडला की अख्खं पुस्तक पुढे वर्षानुवर्षं लंगडतं. तोंड आणि कान तेवढे मोकळे राहतात, आणि ते तिने कित्येक वर्षं आक्काला देऊन टाकले होते.

आक्का दुसऱ्या गावी राहायची. हेडबाई म्हणून निवृत्त झाली होती, पण निवृत्तीची बातमी तिच्या स्वभावापर्यंत पोचलेली नव्हती. रोज दुपारी कधीतरी तिचा फोन यायचा. तो एकदाच यायचा आणि थोडाच वेळ वाजायचा. उचलला नाही तर विषय दुसऱ्या दिवसावर. उलट फोन केला तर ती घ्यायची नाही. “फोन करण्यासाठी असतो,” असं तिचं मत होतं. म्हणून एरवी तो कपाटात, चादरींच्या खाली ठेवलेला असे. मेसेज वाचायला चष्मा लागतो, म्हणून मेसेजही बाद.

धाकटी आधी फोन खांद्यात आणि कानात धरून शिवायची. मान धरली. डॉक्टर म्हणाले, एक तर सुई सोडा नाहीतर बहीण. फोन स्पीकरवर ठेवायची सोय होती, पण आक्काच्या निम्म्या गप्पा बाइंडरांविषयी असत आणि बाइंडर समोरच बसलेले असत. म्हणून चिरंजिवांनी रविवारी आईला वायरलेस इयरबड्स आणून दिले. फोन आतल्या खोलीत, खळीपासून आणि कागदाच्या धुळीपासून लांब, बड्स कानात, फोन आला की बोटाच्या पेराने एकदा टिचकी. बस्स.

रविवारी दुपारी सगळं झकास चाललं. त्याच दिवशी आक्काने बॉम्ब टाकला.

“आमच्या वरच्या मजल्यावरचे घड्याळवाले आहेत ना,” ती म्हणाली.

“ते, ज्यांचं दुकान होतं?”

“तेच. त्यांनी मला विचारलंय.”

“काय विचारलंय?”

“धाकटे, या वयात माणूस बाईला आणखी काय विचारतो? किती वाजले ते तर त्यांना माहीतच असतं.”

धाकटीची सुई फर्म्यात अडकली.

“मी शुक्रवारी संध्याकाळी सांगते म्हटलंय,” आक्का म्हणाली. “तोवर तू विचार कर आणि मला सांग. तू नाही म्हणालीस तर नाही. आणि तुझ्या नवऱ्याला काही सांगू नकोस, त्याच्या पोटात काही राहत नाही.”

फोन ठेवला गेला. धाकटीने रात्री विचार केला आणि सकाळपर्यंत तिचं मत तयार झालं. आता ते फक्त पोचवायचं होतं.

सोमवारी आक्काचा फोन आला, बड्समध्ये गोड किणकिण वाजली, धाकटीने टिचकी मारली. काही झालं नाही. दुसरी मारली. तिसरी तर अशी मारली की कान लाल झाला. किणकिण थांबली. दोऱ्याला गाठ मारून ती आतल्या खोलीत पोचेपर्यंत फोनवर नुसतं ‘आक्का’ असं नाव होतं आणि शेजारी फुली.

चिरंजीव एका कचेरीत कॉम्प्युटर विभागात होते. दिवसभर लोकांना “बंद करून चालू करा” असं सांगायचा त्यांना पगार मिळे. संध्याकाळी त्यांनी काम हाती घेतलं. बड्स डबीत घातले, झाकण लावलं, काढले. मऊ फडक्याने पुसले. फोनला ते बड्स विसरायला लावले आणि पुन्हा ओळख करून दिली. डबीचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरलं. ॲपमध्ये जाऊन टच चालू आहे ना ते पाहिलं, चालू होता. अपडेट मागत होते, तेही दिलं. गाणं वाजत होतं, आवाज सुरेख होता, फक्त स्पर्श लागू पडत नव्हता.

“तुझ्या बोटांना खळ असते,” बाइंडर म्हणाले.

धाकटीने गरम पाण्याने हात धुतले. तरी नाही.

“मग सुईने घट्टे पडलेत. बोटं मेली तुझी.”

“तुमचं लावा.”

बाइंडरांनी आपलं बोट लावलं. तेही मेलेलं निघालं. चिरंजिवांचं बोट तरुण आणि सरकारी होतं, त्यालाही दाद मिळाली नाही.

“आई, एक सोपं करू,” चिरंजीव म्हणाले. “फोन आला की आपोआप उचलला जाईल असं करून ठेवतो. टिचकीची भानगडच नको.”

मंगळवारी दुपारी फोन आला आणि आपोआप उचलला गेला. धाकटीने श्वास घेऊन मनातलं बोलायला सुरुवात केली, “आक्का, माझं ऐक, माणूस चांगला असेल तर—” आणि पलीकडचा मुलगा म्हणाला, “मॅडम, आपण निवृत्तीनंतरच्या विम्याचा विचार केलाय का?” दोन्ही हात दोऱ्यात. टिचकी चालत नव्हती, त्यामुळे फोन बंदही करता येईना. फर्मा संपेपर्यंत धाकटीने विम्याच्या चार योजना ऐकून घेतल्या. त्यातली दुसरी तिला बरी वाटली. मुलगा थांबल्यावर तिने फोन पाहिला तर मधल्या वेळात आक्का येऊन गेली होती. संध्याकाळी तिने ते आपोआप उचलणं बंद करायला लावलं.

बुधवारी धाकटीने फोन थेट बाइंडरांच्या हातात दिला. “आक्काचा आला की फक्त उचला आणि माझ्या कानाला लावा. बोलू नका.” बाइंडरांनी उचलला, आणि सवयीने म्हणाले, “हॅलो, बोला आक्का!” मग “चुकून लागला,” असं म्हणून आक्काने ठेवला.

“तुम्हाला बोलू नका म्हटलं होतं.”

“मी कुठे बोललो? मी बोला म्हटलं.”

गुरुवारी धाकटीने काम बाजूला ठेवून फोन मांडीवर घेऊन बसायचं ठरवलं. पण शनिवारी एका वाचनालयाचा गठ्ठा द्यायचा होता आणि आक्काच्या दुपारला ठरलेली वेळ नव्हती. वरचे घड्याळवाले गप्पा आटोपून वामकुक्षीला गेले की तिची दुपार सुरू व्हायची. तरी धाकटी जेवणापासून दिवे लागेपर्यंत बसली. फोन आलाच नाही.

“रुसली,” ती म्हणाली.

“कशावरून?” बाइंडर म्हणाले.

“मी तिला नाही म्हणतेय असं तिला वाटतंय.”

“कशाला नाही?”

धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं. चार दिवस पोटात धरलेलं तिला आता धरवेना. तिने सगळं सांगून टाकलं. बाइंडर बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि हे इतकं दुर्मिळ होतं की चिरंजिवांनी बाहेरून येऊन विचारलं, “बाबांना बरं नाही का?”

शुक्रवारी चिरंजिवांनी अर्धी रजा घेतली. आईने गठ्ठ्यातलं शेवटचं पुस्तक शिवायच्या चौकटीवर चढवलं होतं. बाइंडर टेबलाशी बसले होते. या प्रकरणात आपण काहीतरी करावं असं त्यांना फार वाटत होतं, आणि त्यांना एकच गोष्ट येत होती. त्यांनी उजवा बड चष्म्याजवळ धरला आणि त्यांचा चेहरा पडला.

“पुसून पुसून अक्षर घालवलंत की रे! हा ‘उ’ बघ, अर्धा उडालाय. ‘डा’चीही रया गेली.”

“बाबा, आता ते राहू द्या.”

“का राहू द्या? दुरुस्त होईल तेव्हा होईल, निदान दिसायला तरी नीट दिसू दे. सोमवारी पहाटे उठून केलं होतं. इतक्या लहान जागेत ‘डावा’ मावेना म्हणून नुसता ‘डा’ घेतला.”

त्यांनी वाटीत अंड्याचा पांढरा बलक फेटून ठेवला होता. वर्ख त्यानेच चिकटतो. आधी जुना काढायला हवा, म्हणून कापसाचा बोळा ओला करून ते ‘उ’वर हलक्या हाताने फिरवू लागले. सोन्याची पुसटशी सालं कापसावर आली. शेवटचं साल निघालं आणि बडमधून एकदम बारीक आवाजात गाणं सुरू झालं.

“कोणी लावलं?” धाकटी म्हणाली.

बाइंडरांनी दचकून बड दुसऱ्या बोटाने धरला. गाणं बंद झालं. पुन्हा हात लागला. गाणं सुरू झालं.

तिघं एकमेकांकडे पाहू लागले. मग चिरंजीव अगदी हळू आवाजात म्हणाले, “बाबा, हा खरा वर्ख आहे?”

“मी खोटा वापरतो का?” बाइंडर दुखावले.

“म्हणजे धातू.” चिरंजीव खुर्चीवर बसले. “बडचा वरचा भाग बोटाची चाहूल घेतो. त्यावर तुम्ही धातूचा पापुद्रा चिकटवलात. त्याला वाटत राहिलं, बोट टेकलेलंच आहे. मग खरं बोट आलं तरी त्याला नवं काय कळणार?”

“पण सोनं म्हणजे—”

“बाबा, सोमवारी सकाळी तुम्ही नाव घातलंत. सोमवारी दुपारी ते बंद पडले.”

“तू स्वतः बघत होतास की रोज. बोलला नाहीस ते?”

आठवडाभर चिरंजीवच ‘उ’ आणि ‘डा’ अशी अक्षरं पाहून कुठला बड कुठल्या कानाचा ते ठरवत होते.

तेवढ्यात बाइंडरांच्या तळहातातला बड किणकिणला. आक्का. बाइंडरांनी तोवर दुसऱ्या हातात ब्रश घेतला होता आणि ब्रशावर बलक.

“खबरदार!” धाकटी ओरडली. “इकडे आणा! कानात घाला माझ्या!”

चिरंजिवांनी बाबांच्या हातातून बड घेऊन आईच्या उजव्या कानात बसवला. धाकटीने सुई दातांत धरली, डाव्या हाताने दोरा ताणून ठेवला आणि उजव्या हाताच्या पेराने एक टिचकी मारली.

“उचललास एकदाचा,” आक्का म्हणाली. “कोण आहे तिथे? तो आहे?”

“आहेत. त्यांना ऐकू येत नाही.”

“नक्की?”

“नक्की. आक्का, बड्सना सोनं लागलं होतं, म्हणून—”

“कशाला लागलं होतं?”

“ते मागून सांगते. आधी मला सांग, घड्याळवाले बोलणारे आहेत की ऐकणारे?”

आक्काने विचार केला. “घड्याळाला कान लावण्यातच जन्म गेला त्यांचा.”

“मग झालं. हो म्हण.”

“असं कसं एकदम? त्यांच्या स्वयंपाकघरात एका भांड्याला त्याचं झाकण बसेल तर शपथ.”

“तुझी झाकणं घेऊन जा.”

“आणि लोक काय म्हणतील? माझ्या शाळेतल्या मुली?”

“त्या मुली आता आज्या झाल्या, आक्का. त्यांना नातवंडांतून सवड मिळाली तर म्हणतील.”

मग आक्का म्हणाली, आणि हा आवाज हेडबाईचा नव्हता, “तू फोन उचलेनास. मला वाटलं, तुला पटलं नाही. काल मी केलाच नाही. भीती वाटली.”

“तुला?”

“मला. का, मला वाटू नये?”

“मी खरंच नाही म्हटलं असतं तर काय केलं असतंस?”

“ऐकलं असतं तुझं. आणि मग जन्मभर तुला ऐकवलं असतं.”

धाकटी हसली, आणि सुई दातांतून निसटून मांडीवर पडली. बाइंडर खुणेने विचारत होते, काय म्हणाल्या? काय म्हणाल्या? तिने त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

“आता वर जाते,” आक्का म्हणाली. “संध्याकाळपर्यंत थांबले तर पुन्हा झाकणं आठवतील.”

फोन ठेवायचं ती विसरली. धाकटीला जिना ऐकू आला, आक्काची चप्पल, एका पायरीवर घेतलेला दम, मग दारावरची टकटक. दार उघडल्याचा आवाज झाला आणि त्याच्या मागून कितीतरी घड्याळांची टिकटिक, जशी कोणी मूठभर मणी ताटात सांडावेत.

“हो,” आक्का म्हणाली. दुसरं काहीच नाही.

मग एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज, जरासा अडखळलेला: “बरं झालं. या ना. मी चहाच टाकत होतो. साखर घालू?”

“घाला,” आक्का म्हणाली. “आज घाला.”

धाकटीने पेर उचललं आणि बडवर हळूच एक टिचकी मारली. टिकटिक थांबली.

“मग?” बाप-लेकांनी एकदम विचारलं. “काय झालं?”

धाकटीने मांडीवरची सुई उचलली, दोरा ताणून पाहिला. सैल पडला नव्हता.

“काही नाही,” ती म्हणाली. “चहा टाकतायत.” आणि तिने पुढचा फर्मा ओढला.