पोरीच्या नावाचं ऑफिस

साहेब, तुम्ही एका आईच्या तोंडून खरं काढून घेतलं आणि त्याच खऱ्यानं तिची पोरगी तिच्यापासून तोडली. तुमचं नाव कोणाला ठाऊक नाही. तुम्ही कोणत्या शहरात, कोणत्या मजल्यावर बसता, तेही नाही. तुमचा फक्त मेल येतो. त्याच्याखाली माणसाचं नाव नसतं, 'धोरणानुसार' एवढा एक शब्द असतो. पण तुमच्या त्या शब्दानं जे केलं ते नागपुरात, प्रताप नगरच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर केलं. ते तुम्हाला तोंडावर सांगायलाच पाहिजे. तर ऐका.

त्या गल्लीत शोभाताईंचं घर आहे. खाली राहायच्या खोल्या, वर एकच मोठा हॉल. हा हॉल त्यांच्या सासऱ्यांनी, धोंडबांनी बांधला, तो भाड्यानं द्यायला नाही. छप्पन साली धोंडबा दीक्षेला गावाहून पायी आले तेव्हा त्यांना पाठ टेकायला जागा मिळाली नव्हती. म्हणून पुढं चार पैसे हाताशी आल्यावर त्यांनी हा हॉल काढला. दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणारी गावाकडची माणसं तिथं उतरत. बाकी वर्षभर तिथं सतरंज्यांच्या घड्या आणि वाळत घातलेल्या कुरड्या.

लॉकडाऊन लागला आणि शोभाताईंची पोरगी सोनिका, पुण्यात तुमच्या कंपनीत नोकरीला असलेली, घरी आली. इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ती त्या हॉलमध्ये कामाला बसली. जग घाबरून बसलं होतं, माणसं जात होती, आणि शोभाताईंना मनातल्या मनात लाज वाटायची, कारण त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस तेच होते. पोरगी वर आहे. चहा वर न्यायचा. पायरीवर पाय हळू टाकायचा. मिटिंग असली की मिक्सर लावायचा नाही, धम्मानंदांनी म्हणजे सोनिकाच्या बाबांनी खोकायचंसुद्धा अंगणात जाऊन. वरून पोरीचं इंग्रजी ऐकू यायचं. शोभाताईंना त्यातलं काही कळायचं नाही, पण ऐकत ऐकत त्या मेथी निवडायच्या.

मग साथ ओसरली आणि तुमचा मेल आला. परत या.

सोनिका गेली. वरच्या हॉलमध्ये इस्त्रीचं टेबल तेवढं राहिलं. शोभाताई कितीतरी दिवस सवयीनं पायऱ्या हळूच चढायच्या.

मग एक दिवस सोनिकाचा फोन आला. कंपनीनं नवा नियम काढला होता. घरून काम चालणार नाही, पण दुसऱ्या शहरात एखादी नीट कामाची जागा असेल, कंपनीचा माणूस येऊन ती पाहून गेला आणि पसंत पडली, तर तिथं बसून चालेल.

"म्हंजे कशी जागा?" शोभाताईंनी विचारलं.

"को-वर्किंग म्हणतात आई. भाड्याचं ऑफिस समज. वेगवेगळ्या कंपन्यांचे लोकं एकाच हॉलात बसतात. टेबल, नेट, एसी, सगळं तयार राहते."

शोभाताईंनी फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "घर नको म्हणतात? ऑफिस पाहिजे म्हणतात? मंग ऑफिस करू."

"कुठी?" धम्मानंद एसटीच्या डेपोतून रिटायर झालेला माणूस. शब्दाला शब्द जोडून बोलायची सवय नव्हती.

"वर."

"बाबांनी तो हॉल येणाऱ्यासाठी ठेवला आहे."

"मंग? आपली पोरगी येणारी नाही का?"

 दुसऱ्या दिवशी धम्मानंद सतरंज्या उचलायला लागले.

एका पोरीला घरी बसवता यावं म्हणून आईबापांनी अख्खं ऑफिस काढलं. याला कोणी खुळेपणा म्हणेल. म्हणू द्या. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर लावावा तर त्याचा घरघराट फोनवर जातो, म्हणून एसी आला. लाइट गेली तर काम बंद पडू नये म्हणून इन्व्हर्टर. एका कंपनीचं नेट बंद पडलं तर दुसऱ्या कंपनीचं. कोपऱ्यात फोनवर बोलायला काचेची लहान खोली. खिडकीजवळ, जिथून गल्लीतला कडुलिंब दिसतो, तिथं एक टेबल, त्याच्यावर कोणी बसायचं नाही. ते सोनिकाचं. आणि त्या गल्लीत जशी 'पायल किराणा' आहे, 'दिपाली ब्युटी पार्लर' आहे, तशी खाली पाटी लागली: 'सोनिका वर्क स्टेशन'. आपल्याकडे माणूस धंदा काढतो तेव्हा लेकराशिवाय दुसरं नाव सुचतच नाही.

पण एकट्या पोरीनं ऑफिस कसं दिसणार? गिऱ्हाईक पाहिजे. पहिला आला गिरिधर, जीएसटीचं काम करणारा, काटोलचा. त्याचा आवाज असा की काचेच्या खोलीत बोलला तरी खाली धम्मानंदांना कोणाचा कर थकला ते कळे. मग आणखी काही पोरंपोरी आली. शोभाताईंनी जागा चालवली ती त्यांना येत होती तशी. चपला पायरीखाली. उन्हातून आलेल्याला आधी पाणी, मग वायफायचा पासवर्ड. दुपारी सगळ्यांनी टेबलावरून उठायचं आणि डबे घेऊन एकत्र बसायचं. टेबलावर खरकटं चालायचं नाही.

"काकू, हे को-वर्किंग आहे का हॉस्टेल?" गिरिधर म्हणायचा.

"तुले ज्यानं पोट भरते ते समज गा. अन् ते भेंडीतलं मीठ पाहून सांग."

कंपनीचा माणूस यायच्या आदल्या दिवशी सोनिकाचा फोन आला. तिचा आवाज बारीक होता.

"आई, उद्या पाटी उतरवून ठेव. अन् तो आला की मी तुझी कोण, हे सांगू नको. नातेवाइकाची जागा चालत नाही. मी सांगितलं आहे का ओळखीच्या बाईची आहे म्हणून."

"पाटी काहून उतरवू वं? चोरी केली का आपण?"

"आई. एक दिवस. फक्त एक दिवस नको सांगू, मंग मी तिथीच आहे ना."

शोभाताईंनी पाटी उतरवली. स्वतः स्टुलावर चढून. भिंतीवर पाटीच्या मापाचा कोरा चौकोन राहिला.

आलेला पोरगा आयुष नावाचा, गोंदियाकडचा. पुण्यात नोकरी, घरी वर्ष वर्ष जाणं नाही. त्यानं सगळं नीट पाहिलं. नेट तपासलं, दारं तपासली, खुर्चीवर बसून पाहिलं. भिंतीवरचा चौकोन पाहून विचारलं, "पाटी नाही का?"

"रंगवायले दिली," शोभाताई म्हणाल्या. तिथपर्यंत जमलं.

मग दुपार झाली. दुपारच्या वेळेला दारात आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय जाऊ देणं त्या घरानं कधी केलेलं नाही. पोरगा नाही नाही म्हणत बसला. पातोडीचा रस्सा, ज्वारीची भाकर. दुसऱ्या घासाला तो थांबला.

"काकू, आई गेल्यापासून ही चव नाही भेटली."

"घे बेटा. अजून घे."

"तुम्ही एवढं सगळं मांडलं. कोणासाठी? घरी कोणी आहे का या लाइनमध्ये?"

शोभाताईंच्या हातात भाकर होती. साहेब, तुम्हाला हे कळणार नाही, पण आमच्याकडे एक आहे. दारातल्या माणसाशी माणूस खोटं बोलेल, बाजारात बोलेल, सरकारी कचेरीत तर बोलावंच लागतं. पण ज्याला ताटात वाढलं, त्याचा घास हातात असताना त्याच्याशी खोटं बोलायचं नसतं. शोभाताईंच्या सासूनं त्यांना हे सांगितलं नव्हतं, कोणीच कोणाला सांगत नाही. अंगातच असतं.

"माझी सोनिका आहे ना तुमच्याच कंपनीत," त्या म्हणाल्या. "तिच्यासाठीच तर."

आयुषचा हात ताटातच राहिला. मग त्यानं मान खाली घालून ताट स्वच्छ केलं, एक शीतही ठेवलं नाही. हात धुवून आला आणि दारात उभा राहिला.

"काकू, तुम्ही हे मले सांगायले नको होतं. सोनिका मॅडमनी सांगितलं आहे, ओळखीच्या बाईची जागा."

"मंग ओळखीचीच आहे ना! पोटात वागवली तिले. याच्यावर ओळख कोणती राहते?"

तो हसला नाही. रडायला आल्यासारखा चेहरा करून पायऱ्या उतरला. त्याला दोष द्यायचा नाही. नातं आहे का, असं पुढं तुम्ही त्याला सरळ विचारलंत, आणि तोही त्याच ताटात जेवला होता, त्यालाही खोटं बोलता आलं नाही.

तुमचा मेल आला. जागा उत्तम आहे, मंजूर. कंपनीच्या कोणत्याही कर्मचाऱ्यानं तिथं बसून काम करावं. सोनिकानं मात्र नातं लपवलं, म्हणून तिला ताकीद, आणि यापुढं तिला पुण्याबाहेरून काम मागता येणार नाही. ना या जागेतून, ना दुसऱ्या.

ती खोटं बोलली म्हणता. बरोबर आहे, बोलली. पण खरं बोलून घरी येता येईल असा कोणता रस्ता तुम्ही ठेवला होता?

शोभाताईंनी त्या दिवशी फोनवर पोरीला एवढंच म्हटलं, "माझ्याच तोंडानं घात केला वं."  तिकडून सोनिका म्हणाली, "तो पोटभर जेवला का?" दोघी हसल्या. हसता हसता फोन कोणी आधी ठेवला ते कळलं नाही.

पाटी पुन्हा लागली. ऑफिस बंद करायचा विषय निघालाच नाही, कारण आता पोरं येत होती आणि त्यांना जागा पाहिजे होती. उलट गर्दी वाढली. दिवसभर त्या घरात पोरीचं नाव घुमतं. फोनवर कोणी म्हणतं, "मी सोनिकात बसून राहिलो." पार्सलवाला खालून ओरडतो, "सोनिका?" दर वेळी शोभाताईंचा हात लाटण्यावर थांबतो. दर वेळी धम्मानंद म्हणतात, "पार्सल आहे."

"नोकरी सोडून ये म्हणा ना काकू तिले," गिरिधर एकदा जेवताना बोलून गेला.

"अन् इथी तशी नोकरी कोण देते? तू?"

"मी कुठून देऊ? मीच टेबल भाड्यानं घेऊन राहिलो."

सगळे हसले. डबे उचलले गेल्यावर शोभाताई खरकटं पुसता पुसता हळूच म्हणाल्या, "मी एक शब्द काढला तर ती सोडून येईन गा. म्हणून तर तो शब्द काढत नाही मी."

मग प्रीती आली. इथल्याच, नागपुरातल्या हुडकेश्वरची पोरगी, अंगानं बारीक, बोलायला गोड. सोनिकाच्याच कंपनीची. तुमच्याच मंजुरीनं आली. जागा फक्त खिडकीजवळ शिल्लक होती. शोभाताई क्षणभर दारात उभ्या राहिल्या, मग ओल्या फडक्यानं ते टेबल पुसून म्हणाल्या, "बस बाई. ऊन आलं का पडदा ओढून घेजो." पाटीवरचं नाव कोणाचं, ते प्रीतीला माहीत नव्हतं आणि कोणी तिला सांगितलंही नाही. तिचा काय गुन्हा? तिची आई हुडकेश्वरला संध्याकाळी तिची वाट पाहते आणि ती घरी पोचते. पोचावंच.

परवा दुपारी शोभाताई चहा घेऊन वर गेल्या. प्रीती कानाला हेडफोन लावून मिटिंगमध्ये होती. लॅपटॉपच्या पडद्यावर माणसांचे चौकोन. शोभाताई कप ठेवायला वाकल्या आणि त्यातल्या एका चौकोनात सोनिका होती.

बोलत होती. आवाज नव्हता, तो प्रीतीच्या कानात. नुसते ओठ हलत होते. कपाळावर ती आठी, लहानपणी गणित अडलं की पडायची ती. मग सोनिकानं वर पाहिलं आणि तिचे ओठ थांबले. प्रीतीच्या चौकोनात, प्रीतीच्या खांद्यामागं, हातात ट्रे घेऊन तिची आई उभी होती. तिच्या हॉलमध्ये, तिच्या खिडकीपाशी, तिच्या टेबलावर दुसऱ्याच्या पोरीला चहा देताना.

सगळे चौकोन सोनिकाच्या पुढच्या वाक्याची वाट पाहत होते. ती बोलत नव्हती. इकडं शोभाताईंनीही हात हलवला नाही. हलवला असता तर पुन्हा नातं निघालं असतं. एकदा तोंडानं घात झाला होता, आता हातानं नको.

प्रीतीला वाटलं, काकू चुकून कॅमेऱ्यात आल्या आणि ओशाळल्या. तिनं माईक बंद केला आणि हसून म्हणाली, "राहू द्या काकू, कंपनीचा नियमच आहे, मागचं दिसायला नको. मी धूसर करून टाकते."

तिनं एक बटण दाबलं. प्रीती तशीच स्वच्छ राहिली. खिडकी गेली, कडुलिंब गेला, आणि शोभाताईंनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं, त्यांचा चेहरा पाण्यात पीठ कालवल्यासारखा पांढुरका होत पुसून गेला. पलीकडच्या चौकोनात सोनिका ते पाहत होती. मग तिनं खाली पाहिलं आणि बोलायला लागली. कामाचंच बोलली असेल.

"चहा निवते बाई," शोभाताई म्हणाल्या आणि खाली आल्या. पायऱ्या त्यांनी हळूच उतरल्या. वर मिटिंग चालू होती ना.

आता बोला साहेब. तीच खिडकी, तीच खुर्ची, तीच नेटची तार, तुम्हीच मंजूर केलेली. तिथं हुडकेश्वरची पोरगी बसली तर तुमचं काम नीट होतं. मग त्या घरात जन्मलेली बसली तर तुमचं काय बुडतं? चोरी होते? काम कमी होतं? आईनं चहा आणून दिला तर तुमच्या कंपनीचं कोणतं गुपित फुटतं? धोरण सांगू नका, ते आम्हाला पाठ झालं आहे. खाली आपलं नाव लिहा, माणसासारखं, आणि कारण सांगा. सोनिका घरी काहून येऊ शकत नाही? उत्तर द्या.