दोरा डोंगरावरून जातो

टाचणीचं लाल डोकं तिरकं झालंय... कुणीतरी उपटायला घेतली आणि मधेच सोडली असावी. कुणीतरी कशाला, तिनंच. सकाळपासून दोनदा.

नकाशावरची एकेक टाचणी म्हणजे कंपनीचा औषधांचा एकेक डेपो. त्यातला हा एक बंद केला की भाडं वाचतं, गाड्या वाचतात. पण मागितलेलं औषध दुसऱ्या दिवशी दुकानात पोचलंच पाहिजे, असा शब्द दिलाय. म्हणून साहेबांची दोऱ्याची रीत — गाडी एका दिवसात जाऊन येईल तेवढा दोरा शेजारच्या टाचणीला बांधायचा आणि फिरवायचा. सगळी दुकानं आत आली, की ही टाचणी गेली.

आली की! सगळी आत आली.

"बघ, बसतंय," साहेब म्हणाले.

"दोरा डोंगरावरून उडी मारतोय साहेब. गाडीला काय पंख आहेत? ती वळसा घालून जाणार."

"डोंगर आड येतोय, की भाऊ?"

तिची कानशिलं तापली. त्या डेपोवर दादा आहे, हे अख्ख्या ऑफिसला माहितीय... पण वळसा खरा आहे ना! त्याच वळशानं दादा तिला सायकलवरून शाळेत न्यायचा, चढ आला की ओरडायचा — उतर म्हशे, माझे पाय गेले — आणि ती मुद्दाम बसून राहायची.

"जेवून येतो. तोवर ठरव," म्हणत साहेब गेले. तिनं दादाला फोन लावला.

"तुझा डेपो काढतायत. मी भांडतेय इथं."

"कशाला गं? काढू दे की! बायकोपोरं शहरात आहेत, तिकडं बदली तरी मिळेल. तुझी वहिनी म्हणते, पोरं मला पाहुणा समजतात."

"मग आधी तोंड शिवलं होतं का?"

"तू विचारलंस कधी?"

तिनं फोन आपटला. मूर्ख! ह्याच्यासाठी मी सगळ्यांचे टोमणे खातेय, आणि हा... काढतेच आता. दादा सुटेल, साहेब खूश, कंपनीचा पैसा वाचेल. तिनं टाचणी चिमटीत धरली.

डोंगर तिथंच होता. पलीकडे बारीक ठिपके — दुकानं. तिथं माझं कुणी नाही. औषध एक दिवस उशिरा गेलं तर मला कळणारसुद्धा नाही... आणि ठेवली टाचणी, तर दादा वर्षभर बोलणार नाही.

मागे साहेबांच्या चपला वाजल्या. "काय, भाऊ की डोंगर?"

"डोंगर," ती म्हणाली आणि टाचणी सरळ करून आत दाबली. आवाजात राग नव्हता. तिला तो आवाज स्वतःचा वाटेना.