खणामागचा चष्मा

"याला रफू म्हणायचं की गाठोडं?" बाईंनी शाल लॉन्ड्रीच्या फळीवर पसरली आणि खांद्याजवळच्या त्या टेंगळावर बोट ठेवलं.

लॉन्ड्रीवाल्याने इस्त्री उभी केली आणि वाकून पाहिलं. "उजेडात धरलं तर दिसतंय थोडंसं."

"थोडंसं? आमच्या सूनबाईला रस्त्यापलीकडून दिसलं. कोण करतं तुमचं हे काम?"

"जुनी कारागीर आहे हो. पंचवीस वर्षं तिच्याकडेच देतोय. भोक कुठे होतं ते मालकालाही सापडायचं नाही, असा हात."

"मग आता काय, आंधळी झाली का ती?"

आपला आवाज चढलेला बाईंच्याच कानाला लागला. पण बोललेलं मागे घ्यायचं तर तेव्हाच घ्यावं, ते राहून गेलं. वर त्या म्हणाल्या, "तिला काम देत जाऊ नका. लोकांच्या चीजवस्तूंचं वाटोळं होतं."

बाई तशा भांडखोर नव्हत्या. सरकारी कचेरीत चष्म्याच्या खिडकीवर अकरा वर्षं बसून कुणाला अरे-तुरे केलं नव्हतं. पण ही शाल यजमानांनी शेवटच्या हिवाळ्यात आणलेली. तिला कसर लागली तेव्हाच बाईंचा जीव अर्धा झाला होता. त्यात हे. तरी थंडीचे दिवस, दुसरी उबदार शाल नाही, म्हणून टेंगूळ चुणीत दडपून त्या रोज तीच पांघरत.

रोज पहाटे अंघोळ झाली की बाई देवापुढे बसत, जप करत आणि शेवटी एकच मागणं मागत, आज माझ्या हातून कुणाचं वाईट न होवो. वीस वर्षांत एक दिवस खंड नव्हता, तापातसुद्धा. मग डबा, कुलूप आणि दहाच्या ठोक्याला खिडकी.

खिडकीवरचं काम सोपं होतं. ज्यांना परवडत नाही अशांना सरकारी निधीतून चष्मा बदलून किंवा दुरुस्त करून मिळे. डॉक्टरांची चिठ्ठी, उत्पन्नाचा दाखला, भरलेला अर्ज आणि जुना चष्मा. अर्ज आणि चष्मा यांची ताटातूट होऊ नये म्हणून बाई दोन्ही एकाच पाकिटात घालत, वर क्रमांक टाकत आणि खणात ठेवत. दर सोमवारी खण उघडून आतले अर्ज तेवढे क्रमाने साहेबांकडे जात आणि सही होऊन पुन्हा आपापल्या पाकिटात येत, चष्मे खणातच राहत. मंजुरी आली की दुकानदाराच्या नावाची चिठ्ठी निघे. एकूण तीन-चार आठवडे. आपल्या या पाकिटांच्या युक्तीचा बाईंना मनातून थोडा अभिमानच होता.

लॉन्ड्रीतल्या त्या बोलाचालीला महिना झाला असेल. एका सकाळी खण अडकला. पुढेही येईना, मागेही जाईना. कचेरीचा सुतार आला, गुडघ्यांवर बसला, आत हात घालून चाचपू लागला.

"बाई, खणाला काही झालेलं नाही. पोट भरलंय त्याचं. किती कोंबलंत?"

"कोंबलं नाही हो, ठेवलंय."

"ठेवलेलं असं मागून सांडत नाही." त्याने हिसका देऊन खण पूर्ण बाहेर काढला आणि मागच्या पोकळीतून एक पाकीट उचलून, फुंकर मारून, टेबलावर ठेवलं. कोपरे दुमडलेले, वर धुळीचा थर. क्रमांक बाईंच्याच हातचा. तारीख सात महिन्यांपूर्वीची.

पाकिटात अर्ज होता आणि अर्जाच्या घडीत चष्मा. एका काचेला आडवा तडा, दुसरी धड. तुटलेली दांडी निळ्या रेशमी दोऱ्याने बांधलेली, वेढ्याला वेढा लागून इतक्या सफाईने, की जोड आहे हे बोटालाच कळावं.

तो दोरा पाहिला आणि बाईंना ती आठवली. पातळ अंगाची, केस मागे घट्ट बांधलेली. चष्मा काढून देताना थबकली होती.

"बाई, एका डोळ्याचं भागतंय अजून याच्यावर. नवा येईपर्यंत राहू द्या की माझ्याकडे."

"पद्धत आहे मावशी. जमा केल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही."

"मग सुई कशी ओवू?"

"तीन आठवड्यांचा तर प्रश्न."

तिने चष्मा पदराने पुसला होता. पुसून दिला होता. पुढे ती तीनदा येऊन गेली. तिन्ही वेळा रांग मोठी होती आणि तिन्ही वेळा बाईंनी मान वर न करता सांगितलं होतं, "वरून मंजुरी यायचीय." खणात पाहिलं नव्हतं. वर काही गेलंच नव्हतं, तर खाली येणार काय?

आवाज ऐकून साहेब बाहेर आले. टेबलभर पाकिटं, पाकिटांतून डोकावणारे चष्मे.

"एवढे सगळे आपल्याकडे का?"

"जमा करून घेतो साहेब. नवा मिळाला की परत."

"कुणी सांगितलं?"

"माझ्या आधी इथे होते ते भाऊसाहेब. लोक एकच तुटका चष्मा दोनदा दाखवतात म्हणून."

साहेब आत गेले, नियमांची फाईल घेऊन आले आणि पान उघडून पुढे धरलं. जुना चष्मा पाहावा, अर्जावर नोंद करावी, तिथल्या तिथे परत द्यावा. सरळ साध्या तीन ओळी. बाईंनी ती फाईल अकरा वर्षं कपाटात पाहिली होती, झटकलीही होती.

साहेब रागावले नाहीत. खणाकडे पाहत म्हणाले, "मग हे लोक इतके दिवस बघतात तरी कशाने?" आणि आत निघून गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुपारपर्यंत बाईंनी त्या अर्जावर सही घेतली, चिठ्ठी काढली, अर्ध्या दिवसाची रजा टाकली. शिपाई म्हणाला, "टपालाने जाईल की उद्या." त्या म्हणाल्या, "टपालावर नाही भागायचं."

पत्ता सापडायला वेळ लागला नाही. दोन जिन्यांच्या मधल्या अंधाऱ्या बोळात एक खोली. उंबऱ्यात, जेवढा उजेड येत होता तेवढ्यात, ती बसली होती. मांडीवर कुणाचा तरी सदरा, बाजूला उशी. उशीत दहाबारा सुया ओळीने टोचलेल्या, काही दोरा ओवलेल्या, काही वापरून रिकाम्या.

"कोण?"

"मी... कचेरीतून. चष्म्याच्या खिडकीवरून."

"अगंबाई. आत या. बसा." तिने हाताने चाचपून पाट पुढे सरकवला. "घरी येऊन द्यायला लागले वाटतं. सुधारलं म्हणायचं सरकार."

बाईंनी चिठ्ठी दिली. मग पर्समधून जुना चष्मा काढून तिच्या तळहातावर ठेवला. तिचा अंगठा लगेच दोऱ्याच्या वेढ्यावर गेला.

"हा कसा आला परत?"

"तो कुठे गेलाच नव्हता मावशी. माझ्या खणामागे पडला होता. अर्जासकट. तुम्ही तीनदा आलात आणि मी न बघताच उत्तर दिलं. आणि खरं तर हा तुमच्याकडून घ्यायचाच नव्हता. नियमच तसा आहे. तो मी कधी वाचला नाही."

 समोरच्या जिन्यावरून कुणीतरी बादली घेऊन उतरलं, पाणी हिंदकळल्याचा आवाज आला.

"सात महिने सरकारला शिव्या घातल्या मी," ती म्हणाली. "आता त्या परत कशा घ्यायच्या?"

बाईंना हसू आलं नाही.

"शेजारीण सकाळी सुया ओवून देते. दिवसभर त्याच पुरवते. बाकी बोटांवर चालतं. चालतं म्हणजे, चालायचं. महिन्यामागे कुणा बाईची शाल बिघडली माझ्या हातून. ती लॉन्ड्रीवाल्याला नाही नाही ते बोलली. तेव्हापासून त्याने काम बंद केलं. त्याचं तरी काय चुकलं?" मग एकदम, "गार वारा आहे, नीट पांघरून बसा," असं म्हणत तिने बाईंच्या खांद्यावरून घसरलेली शाल वर ओढली.

हात तिथेच थांबला. चुणीखालचं टेंगूळ तिच्या दोन बोटांत आलं होतं. ती बोटं त्यावरून गेली, परत आली. मग तिने जुना चष्मा डोळ्यांवर चढवला, तड्याकडचा डोळा मिटला आणि शालीचा तो भाग उजेडाकडे धरला.

बाईंनी मान खाली घातली. 

"हे मी केलंय," ती म्हणाली. विचारलं नाही. शालीकडे पाहत म्हणाली. "इथे धागा उलटा गेलाय. आणि इथे तर दोन पदर एकात ओढलेत. देवा."

"उसवून पुन्हा..."

"नाही. इतकं बारीक विणकाम एकदा सोसतं, दोनदा सोसत नाही. आता काढायला गेले तर भोक मोठं होईल." तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. "राहू दे. माझ्या हातचं एवढंच वाईट काम असेल जगात. नेमकं तुमच्याकडे आलं."

बाईंना बोलायचं होतं. ओठ हलले, पण जिभेवर तेच वाक्य आलं, लॉन्ड्रीच्या फळीवर बोललेलं, आणि ते तर तिने ऐकलेलंच होतं. त्या नुसत्याच उठल्या. उंबऱ्यात वाकून त्यांनी उशीतली एक रिकामी सुई उचलली, रिळाचं टोक ओलं केलं आणि ओवली. मग दुसरी. ती पाहत राहिली, एका डोळ्याने. रिकाम्या होत्या तेवढ्या सगळ्या ओवून झाल्यावर बाई निघाल्या.

दुसऱ्या पहाटे जप झाला. शेवटचं मागणं ओठांवर आलं आणि पुढे सरकेना. बाई तशाच हात जोडून बसून राहिल्या. सूनबाईने दोनदा चहाला हाक मारली.

कचेरीच्या वाटेवर त्या लॉन्ड्रीपाशी थांबल्या.

"त्या रफूवाल्या मावशींना काम द्या परत," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवसांत नवा चष्मा येईल त्यांना. चूक त्यांची नव्हती. त्यांचा चष्मा माझ्याकडे होता."

लॉन्ड्रीवाल्याने इस्त्री उभी केली. "तुमच्याकडे? तो कशाला?"

 बाईंनी शाल खांद्यावर सारखी केली आणि दहाचा ठोका पडायच्या आत चालू लागल्या. त्या दिवशी त्यांनी चूण घातली नाही. टेंगूळ खांद्यावर उघडंच होतं, रस्त्यापलीकडून दिसेल असं.