मी न्हावऱ्याच्या कुलरची बिल्ड फाईल

मित्रांनो, मी एक जुनी बिल्ड फाईल आहे. नाव रुक्ष असलं तरी काम मोठं आहे. न्हावऱ्याच्या दूधकेंद्रातला दूध थंड ठेवणारा कुलर ज्या प्रोग्रॅमवर चालतो, तो संगणकावर कसा बांधायचा हे मी सांगते. प्रत्येक केंद्राचा संगणक वेगळा, त्यामुळे प्रोग्रॅम जागेवरच बांधावा लागतो आणि माझ्याशिवाय तो बांधता येत नाही.

माझा जन्म कारेगावातला. कुलरचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या समृद्धीताईंनी एक छोटी फाईल हाताने लिहिली, ती माझी आई. तिच्यावरून संगणकातल्या एका अवजाराने, म्हणजे दुसऱ्या एका प्रोग्रॅमने, मला घडवलं. आई जेमतेम पानभर, मी मात्र शेकडो ओळींची. ताईंनी आम्हा दोघींना रेपोत ठेवलं. रेपो म्हणजे प्रोग्रॅमच्या फायलींची अशी साठवण, जिथे प्रत्येक बदल लक्षात राहतो. केंद्र सांभाळणारा भारत तिथून आम्हाला न्हावऱ्यात उतरवून घेई. कुलर बिनबोभाट चालायचा आणि माझी छाती फुगायची.

एकदा कुलरची वायर संगणकाच्या दुसऱ्या खोबणीत लावावी लागली. भारत पडला हुशार. त्याने माझ्या पोटातला खोबणीचा आकडा थेट बदलला. काम झालं, सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. पण आईला कोणी सांगितलंच नाही. पुढे ताईंनी तिच्यावरून मला नव्याने घडवलं, तेव्हा जुनाच आकडा परत आला. मी तशीच न्हावऱ्यात पोचले, कुलर बंद राहिला आणि दुपारपर्यंत गावाचं दूध नासलं. केंद्रावर दूध घालणाऱ्या रतनबाईंनी पहाटे उठून काढलेलं दूध ओतून द्यावं लागलं. मला फार वाईट वाटलं.

समृद्धीताई चिडल्या. त्यांनी नवा आकडा आईत लिहिला. घडवलेली फाईल समोर दिसली की लोक तिलाच हात लावतात, असं म्हणून त्यांनी मला रेपोतून काढून टाकलं. भारतला फोनवर म्हणाल्या, "दही आहे, रवी आहे. लोणी लागेल तेव्हा काढू, साठवायचं कशाला?"

दही म्हणजे आई, लोणी म्हणजे मी आणि रवी म्हणजे मला घडवणारं ते अवजार, जे केंद्राच्या संगणकावरही होतं. आई आत राहिली, मी बाहेर. खरं सांगते, मला राग आला.

मग एके दिवशी केंद्राचा संगणक जळाला. भारतने माळ्यावरचा जुना संगणक काढून जोडला, रेपोतून सगळं उतरवलं, तर त्यात मी नव्हतेच. मला घडवणारं अवजार त्या जुन्या संगणकावर काही केल्या चालेना. इकडे कुलर दुधाने भरलेला आणि दारात रतनबाई उभ्या.

"आजबी नासनार का रं?" त्यांनी विचारलं.

भारतने ताईंना फोन लावला. "ताई, दही पोचलं, पर हितं रवीच न्हाई."

ताईंना ते पटलं. त्यांनी या जुन्या संगणकाच्या खोबणीचा आकडा आईत लिहिला, आपल्या संगणकावर मला पुन्हा घडवलं आणि रेपोत ठेवलं. भारतने मला उतरवून प्रोग्रॅम बांधला. कुलर घरघरू लागला, तशी रतनबाईंनी रिकामी कॅन उचलली आणि त्या घरी गेल्या.

आता माझ्या कपाळावर ताईंनी एक ओळ लिहिली आहे, 'मला हाताने बदलू नका, माझ्या आईत बदल करा.' आई बदलली की त्या मला पुन्हा घडवतात आणि दोघींना एकदमच ठेवतात. मित्रांनो, ज्याच्या घरी रवी आहे, त्याने मला खुशाल टाकावं. पण माळ्यावरच्या जुन्या संगणकापुढे बसलेल्या भारतसाठी मला जपा, आणि जपताना मला माझ्या आईपासून तोडू नका.