फवारे, शनिवार आणि सीचं पहिलं पुस्तक

"ज्याला सी येते त्याच्यापुढे जगातलं कुठलंही यंत्र मान तुकवतं! यापुढे सी न येणारा माणूस अडाणीच समजावा!"

डेझमंड प्रिडोनं हे जाहीर केलं तेव्हा सी नावाची संगणकाची भाषा असते हे त्याला कळून बावीस मिनिटं झाली होती. 'अडाणीच' म्हणताना हातातलं बिस्कीट तुटून चहाच्या मगात पडलं.

उल्व्हरस्टोन गावातले निवृत्त पुरुष जमून हौसेची कामं करतात त्या शेडमध्ये सोमवारचा दहाचा चहा चालला होता. कुणी हसलं नाही, कारण प्रकरण गंभीर होतं. गावात हिरवळीवर चेंडू घरंगळवायचा बोल्स नावाचा खेळ चालतो; त्या क्लबच्या हिरवळीला आपोआप पाणी देणारा डबा याच शेडनं बनवला होता. त्याचा प्रोग्रॅम शेडमधल्याच लिंडसेनं सीमध्ये लिहिला होता. पाणी शुक्रवारी पडायला हवं होतं. पण या उन्हाळ्यात डबा पहिल्यांदाच चालू केला आणि शनिवारी, उपांत्य सामन्यात, मॅव्हिस चेंडू सोडायला वाकली त्याच क्षणी चारही कोपऱ्यांतले फवारे उडाले. मॅव्हिस म्हणजे क्लबची कप्तान आणि डेझमंडची बायको. सामना ती भिजत भिजत जिंकली. अंतिम सामना येत्या शनिवारी, त्याच हिरवळीवर.

"त्या दिवशी एक थेंब जरी पडला ना डेझ," केस पुसत ती म्हणाली होती, "तर तू आणि तुझी ती शेड, एकमेकांशीच संसार करा."

लिंडसे कॅरव्हॅनचं फिरतं घर घेऊन वाळवंटात भटकत होता. फोन लागत नव्हता. तेव्हा सी शिकणं आलं.

शेडमध्ये काहीही ठरवायचं तर चहाच्या वेळी हात वर करून ठरतं. पुस्तक जाड असावं, असा ठराव अकरा विरुद्ध शून्य मतांनी झाला. त्यावर अंमल होतो की नाही हे पाहायला लोण्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेला क्लॅरी मंगळवारी डेझमंडबरोबर वाचनालयात गेला.

ग्रंथपाल जोसलिननं तीन पुस्तकं टेबलावर ठेवली.

"हे घे!" क्लॅरीनं आठशे पानांचं उचललं. "याला म्हणतात पुस्तक. पायावर पडलं तर महिनाभर लंगडशील."

डेझमंडनं ते उघडलं. "पहिल्याच पानावर लिहिलंय, 'वाचकाला हे माहीत असेलच'. मला माहीत असतं तर मी इथे कशाला कडमडलो असतो?"

दुसऱ्याच्या पाठीवर नऊ दिवसांत सी शिकवण्याचं वचन होतं.

"माझ्याकडे चारच आहेत. उरलेले पाच कुठून आणू?"

तिसरं बारीक होतं, वहीसारखं तारेनं बांधलेलं, कुण्या तंत्रशाळेतल्या मास्तरांनी लिहिलेलं. टेबलावर ठेवलं की आपलं आपण उघडं राहायचं. दर धड्याला गणितं, उत्तरं मागे. मास्तर एका वेळी एकच गोष्ट सांगत होते आणि 'साहजिकच' हा शब्द कुठेही नव्हता.

"हेच," डेझमंड म्हणाला.

"ठराव जाडचा झालाय," क्लॅरी म्हणाला.

"मग जाड तू ने. त्यावर बस."

"हे आजवर एकदाच बाहेर गेलंय," जोसलिन शिक्का मारत म्हणाली. "तुमच्या लिंडसेनंच नेलं होतं. जपून हं डेझमंड, त्यानं वाचताना काहीतरी खाल्लंय."

लिंडसेनं लॅमिंग्टन नावाचा जॅम भरलेला केक खाल्ला होता. गुरुवारी डेझमंड चौथ्या धड्याशी पोचला आणि तिथली दोन पानं जॅमनं घट्ट चिकटलेली निघाली. चाळीस वर्षं नळकाम केलेला हात. त्यानं पातळ पाती घालून ती अलगद सोडवली. आत मास्तरांनी शांतपणे सांगितलं होतं, की सी एकपासून नाही, शून्यापासून मोजते. रविवार शून्य, सोमवार एक.

लिंडसेचा प्रोग्रॅम कागदावर छापून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेला होता. डेझमंडनं ओळींवर बोट फिरवलं. वार : सहा. रविवारला एक धरलं तर सहावा शुक्रवार. शून्य धरलं तर शनिवार.

"सापडलं!" तो ओरडला. "सहाचं पाच करायचं, बस! म्हाताऱ्यानं नेमकं तेवढंच पान वाचलं नव्हतं!"

शुक्रवारच्या चहाला त्यानं शून्याची थोरवी वीस मिनिटं सांगितली. अकरा जणांनी टाळ्या वाजवल्या. मग क्लॅरीनं विचारलं, "पण हे पाच त्या डब्यात घालायचं कसं?"

घालायला एक खास वायर लागत होती. ती लिंडसेकडे होती, कॅरव्हॅनमध्ये.

शनिवारी दुपारी डेझमंड हिरवळीच्या कडेला पुस्तक मांडीवर घेऊन बसला होता. पाचव्या धड्यात काही उपाय दिसतोय का, ते शोधत होता. पांढऱ्या गणवेशातली मॅव्हिस चेंडूंची पिशवी घेऊन त्याच्यापाशी थांबली. तिनं पुस्तकाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, मग चाळीस वर्षं गावाचे नळ दुरुस्त केलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

"डेझ," ती म्हणाली, "कुंपणाजवळचा नळ तेवढा बंद करून येतोस?"